वहिनीने पुसलेलं सोनं

खरं सांगा, सोनेरी चौकटीतला आरसा समोर आला की तुम्ही आधी काय बघता? स्वतःलाच ना? केस नीट करता, कॉलर सरळ करता, पोट आत ओढता आणि पुढे जाता. चौकटीकडे कधी बघितलंत? बरं, बघितलंत असं धरून चालू. मग त्या सोन्याखाली काय असतं, हे कधी विचारलंत?

नाही विचारलं. राग मानू नका. तुम्हीच काय, सोन्याचा वर्ख लावणारे निम्मेअधिक कारागीरही विचारत नाहीत. त्यांना सोन्याखालची माती सकाळी वाटीत तयार मिळते. ती कुठून येते असं विचारलं तर सांगतील, घरातून येते. शहरातल्या पोराला दूध कुठून येतं विचारलं की तो पिशवीतून म्हणतो ना, तसंच.

आमच्या गल्लीतल्या चौकटींखालची माती वहिनीकडून येते. तिचा नवरा वर्खाचा कारागीर, म्हणून सगळ्या कारखान्याची ती वहिनी. तिला दुसरं नाव नसावं असंच सगळे वागतात. चौकटी घासणाऱ्या बायकांच्या वतीने भांडण्याचं काम मी करते, त्यामुळे तिची-माझी ओळख जुनी. ती मला ताई म्हणते आणि माझं ऐकत नाही. हे जे सांगणार आहे तेही तिने माझं न ऐकल्याचंच आहे.

आधी माती म्हणजे काय ते समजून घ्या, नाहीतर पुढचं भांडण तुम्हाला बायकी रुसवाफुगवा वाटेल.

वर्ख इतका पातळ, की हातावर घेतला तर हाताच्या रेषांत जिरून जातो. जोरात हसलात तर उडतो. नुसत्या लाकडावर ठेवलात तर लाकूड त्याला गिळून टाकतं. म्हणून लाकडावर आधी खडूचे लेप द्यायचे, ते घासून गुळगुळीत करायचे, आणि त्यावर लाल मातीचे लेप. ही माती कुंडीतली नव्हे. ती भिजवायची, ढवळायची, वरचं गढूळ पाणी दुसऱ्या भांड्यात ओतायचं आणि खाली बसलेली वाळू फेकायची. मग पुन्हा तेच. बोटांना एकही कण लागेनासा झाला की तिच्या वड्या वाळवायच्या. कामाच्या दिवशी वडी पाट्यावर घेऊन जड काचेच्या बत्त्याने गोल गोल वाटायची, साय होईपर्यंत. मग त्यात सरस. सरस म्हणजे जनावराच्या कातड्याचा डिंक. तो गरम पाण्यात भांडं ठेवून वितळवायचा आणि उकळी फुटू द्यायची नाही. उकळला की त्याचा जीव गेला.

सगळी मेख त्या सरसात आहे. कमी पडला तर माती भुगा होऊन सोन्यासकट सुटते. जास्त झाला तर माती दगड होते आणि तिच्यावरचं सोनं कितीही घोटा, पितळेसारखं मख्ख राहतं. बरोबर जमला, तर वर्ख ओल्या मातीवर ठेवला की ती त्याला आत ओढून घेते. वाळल्यावर अकीकाच्या दगडाने घोटलं की आतून दिवा लागल्यासारखी चमक येते. बघणारे म्हणतात, वा, काय सोनं आहे! सोनं सगळीकडे सारखंच असतं हो. चमक मातीची असते.

वहिनी या घरात आली तेव्हा तिला यातलं काही ठाऊक नव्हतं. तिचे वडील ट्रक चालवायचे. त्यांच्या घरात सोनेरी म्हणावं असं काही असेल तर ट्रकचा हॉर्न. सासरी पहिल्याच आठवड्यात तिला शिंक आली आणि वर्ख कापायच्या छोट्या गादीवर ठेवलेलं पान उडून सासूच्या हनुवटीला चिकटला. सासू दाढी आल्यासारखी तिच्याकडे वळली आणि म्हणाली, "आता तू सोन्यापासून लांब बस. ये, माती वाट." तिथून ती जी मातीला लागली ती लागलीच.

घरोघरी हीच वाटणी. माती घरच्या बायकांनी करायची, सोनं पुरुषांनी लावायचं. सासू सासऱ्यांची माती करायची, वहिनी नवऱ्याची करते. पुढे पुढे कारखान्यातल्या इतरांचीही तिच्याकडे यायला लागली, कारण त्यांच्या घरच्या नव्या सुना नोकरीला जातात आणि कातडं भिजवायला सपशेल नकार देतात. शाब्बास त्यांची.

पण कारागीर कोण? ज्याच्याकडे संघटनेचा बिल्ला आहे तो. बिल्ला असेल तर कारखान्यात उत्तरेच्या खिडकीखाली तुमचं बाक, तुमच्या नावावर काम, चौकटीच्या मागे तुमची सही. नसेल तर तुम्ही घरात बसून मदत करता. वाटता, गाळता, पुसता, पण काम करत नाही. बिल्ल्यासाठी परीक्षा असते. परीक्षेत उमेदवाराला लाल मातीचे लेप दिलेली तयार लाकडी पाटी देतात. त्याने तिच्यावर वर्ख लावायचा आणि घोटून दाखवायचा. त्या पाट्या कोण तयार करायचं, हे तुम्हाला आता सांगायला नको.

वहिनीला ते बाक हवं होतं. एवढंच. "आमच्या खोलीत उजेडच नाही गं," ती मला म्हणायची. "दिव्याखाली माती तपकिरी दिसते. मला ती दिवसा बघायचीय. आणि मी केलेल्या मातीवर मीच सोनं लावणार. कोणाला वाटी नेऊन देणार नाही."

ही मागणी मी संघटनेकडे नेली आणि धसाला लावली. किती सभा झाल्या, कोण काय बोललं, ते सांगत बसत नाही. माझा आवाज बसला, मी नाही बसले. शेवटी अध्यक्ष मैदानात उतरले. अध्यक्ष म्हणजे जुने कारागीर, हात बाकी कसबी. मान वर करून बोलायची सवय, जणू समोरच्याच्या डोक्यावरच्या भिंतीशी बोलतायत.

"बाईंनी परीक्षा द्यावी, आमचं कुठे काय म्हणणं आहे," ते म्हणाले. "पण तयार पाटी मिळणार नाही. कोरं लाकूड मिळेल. खडू, माती, सोनं, सगळं इथे हॉलमध्ये, सगळ्यांसमोर करायचं."

"बाकीच्यांना तयार मिळते ती?" मी विचारलं.

"बाकीच्यांची तिने केलेली असते. आता तीच परीक्षेला बसणार म्हटल्यावर तयार कुठून आणायची?"

मग मागून कोणीतरी खिदळलं आणि सगळा हॉल हसायला लागला. आपण काय बोलून बसलो हे अध्यक्षांना सगळ्यात शेवटी कळलं.

"अध्यक्ष," मी म्हटलं, "हे वाक्य जरा पुन्हा म्हणा. मागच्यांना नीट ऐकू आलं नाही."

त्यांनी ते पुन्हा म्हटलं नाही. पण अट कायम ठेवली. वहिनीला अट सांगितली तर तिचा चेहरा फुलला. "मला तेच पाहिजे होतं," म्हणाली. "त्यांना कळत नाही का, की त्यांनी मला अडवायला माझंच काम पुढे केलंय?"

परीक्षा आठवडाभर चालली. रोज सकाळी वहिनी पाटा, बत्ता, वड्यांचा डबा आणि सरसाचं भांडं घेऊन हॉलमध्ये जायची. कोपऱ्यात विजेची शेगडी दिली होती. बघे यायचे, बहुतेक कारागीरच, हात मागे बांधून. खडूचे लेप झाले, पॉलिश पेपरने घासून झाले, पाटी अंड्याच्या कवचासारखी झाली. मग ती मातीला लागली. सरसाचा थेंब अंगठा आणि बोट यांच्यात घेऊन ती बोटं मिटायची, उघडायची. किती चिकटतंय, कधी सुटतंय, ते बघायची.

"काय वहिनी, मीठ झालं का बेताचं?" एक जण म्हणाला.

"मीठ नकोच," ती मान वर न करता म्हणाली. "तुमचं तोंडच एवढं खारट आहे की त्यात भागेल."

लोक हसले, तोही हसला. हॉलमधली हवा थोडी मोकळी झाली. मला वाटलं, जिंकलो.

शेवटच्या दिवशी पंखे बंद झाले. मातीचे लेप वाळले होते, फडक्याने घोटले होते. वहिनीने पाण्यात थोडं स्पिरिट टाकून पाटी भिजवली, पान चिकटावं म्हणून चपटा मऊ ब्रश गालावरून फिरवला आणि वर्खाचं पान उचललं. हात अजिबात हलला नाही. नवऱ्याचं बघत बघत इतकी वर्षं गेली होती, काय चुकणार? वाळल्यावर तिने अकीकाची घोटणी घेतली आणि घोटायला बसली. बराच वेळ घोटत होती. तिच्या कपाळाला आठी पडलेली मला दिसली, पण मी ती श्रमाची समजले.

अध्यक्ष आणि दोन परीक्षक पुढे आले. पाटी उचलली, तिरकी धरली, नखाने टिचकी मारली, आपापसात कुजबुजले.

"ठीक आहे," अध्यक्ष म्हणाले. "चिकटलंय चांगलं, फाटलेलं नाही कुठे. चमक बेताचीच आहे, पण बाईमाणसाच्या हाताला जोर तो किती असणार! त्या मानाने उत्तम. पास."

टाळ्या पडल्या. सगळ्यात मोठ्या माझ्या. मी तर चहाही सांगून टाकला सगळ्या हॉलला. वहिनी मात्र टाळ्या संपायची वाट बघत उभी होती. तिने पाटी परत घेतली, खिडकीपाशी नेली, पुन्हा एका कोपऱ्यावर घोटणी फिरवली. मग नवऱ्याला हाक मारली.

"अहो, इकडे या जरा. इथे फिरवा."

"अगं, तू पास झालीस. आता मी कशाला?"

"फिरवा म्हणते ना."

त्याने फिरवली. त्याचा हात म्हणजे वरवंटा. दोनचार फेऱ्यांत तेवढा तुकडा झळाळून उठला. बाकीची पाटी त्याच्या शेजारी कळकट दिसायला लागली.

"बघा," एक परीक्षक म्हणाले, "मी म्हटलं ना, जोराचा प्रश्न."

"जोराचा नाही," वहिनी म्हणाली. "माती यांची आहे."

कोणाला काही कळलं नाही. नवऱ्यालाही नाही. तो म्हणाला, "माझी कुठे? तूच तर केलीस सगळ्यांसमोर."

"केली मी, पण तुमच्या हातासाठी. तुमचा हात जड. सरस थोडा चढा ठेवला नाही तर तुम्ही माती सोलवटून काढता. लग्न झाल्यापासून तेच करतेय, बोटांना तेच पाठ झालंय. आज परीक्षा माझी होती, घोटणारी मी होते, आणि बोटांनी परत तुमचीच माती केली. माझा हात हलका आहे. या मातीवर तो जन्मभर घासला तरी उजेड पडायचा नाही."

"म्हणजे चूक तुमचीच झाली," अध्यक्ष म्हणाले. समजूतदारपणे म्हणाले, मी खोटं सांगणार नाही. "होतं असं. पण आम्ही पास केलंय. बसा, चहा घ्या."

"चूक माझी," वहिनी म्हणाली. "म्हणून मीच पुसणार."

आणि तिने ओलं फडकं उचललं.

तुम्हाला माहीत नसेल, हे सोनं पाण्यावर लावलेलं असतं आणि पाण्यानेच जातं. तैलरंगासारखं खरवडावं लागत नाही. फडकं एकदा फिरलं की पान सुटलं, दुसऱ्यांदा फिरलं की लाल पाणी वाहायला लागलं. कोणीतरी "अहो अहो अहो" करत पुढे धावलं. ती एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे पुसत गेली, फडकं पिळलं, पुन्हा पुसलं. नवऱ्याने घोटलेला चमकता तुकडाही पुसला. शेवटी हातात पांढरी पाटी राहिली.

माझं टाळकं सटकलं. "वहिनी, डोकं फिरलं का तुझं? पास झाली होतीस!"

"झाले होते. बाईमाणसाच्या हाताला जोर नसतो म्हणून. तुला चालतं ते?"

"चालत नाही. पण आधी बिल्ला पदरात पाडून घ्यायचा. मग भांडायला सगळा जन्म पडलाय!"

"तुला पडलाय, ताई. तुझं कामच ते. मला त्या बाकावर बसायचंय. रोज कोणीतरी येणार, माझ्या खांद्यावरून वाकून बघणार आणि म्हणणार, त्या मानाने बरं आहे हं. मी ते रोज ऐकू? त्यापेक्षा माझी अंधारी खोली काय वाईट आहे?"

"पुढच्या चौकटीला चांगली माती कर ना! कोण अडवतंय?"

"बिल्ला कोणत्या मातीवर मिळाला असता?"

यावर मी आवाज चढवणारच होते. पण अध्यक्षांनी माझ्याआधी चढवला. "सोनं पुसलं म्हणजे परीक्षा सोडली! हा हॉल आहे, तमाशाचा फड नाही. शिपाई, कुलूप लाव."

शिपायाने खरंच कुलूप आणलं. सगळे चहा अर्धवट टाकून बाहेर. वहिनी पाटा कडेवर घेऊन पायऱ्यांवर आली आणि तिथेच खाली बसली.

"इथेच करते," म्हणाली. "अट काय होती? सगळ्यांसमोर. मग रस्त्यापेक्षा सगळ्यांसमोर काय असणार?"

म्हणायला ठीक आहे. पण रस्त्यावर धूळ. एक रिक्षा गेली की मातीत वाळू पडणार, एक झुळूक आली की वर्ख समोरच्या गटारात. हे मला कळत होतं तर तिला कळत नसेल? पण ती बसली होती तशीच, हनुवटी वर करून. तिच्याजवळ गेलं तर चावेल अशी.

हॉलला लागून इस्त्रीचं दुकान आहे. ते चालवणारी बाई हा सगळा गोंधळ इस्त्री हातात घेऊन बघत होती. तिने शेवटी तोंड उघडलं. "काय गं, उन्हात बसून ते भांडं नासणार नाही का?"

"नासेल."

"मग आत ये की. टेबल आहे, काचेची खिडकी आहे, माझी शेगडी दिवसभर गरमच असते. पण एक सांगते. माझ्या पांढऱ्या शर्टांवर एक जरी लाल ठिपका पडला, तर तुझ्या पाटीसकट तुला इस्त्री करीन."

अशी वहिनी इस्त्रीच्या दुकानात गेली आणि मोठ्या काचेच्या खिडकीमागे बसली. बाहेर अख्खी गल्ली. हॉलमध्ये जेवढे बघे कधी आले नव्हते तेवढे त्या काचेला नाक लावून उभे राहिले. शाळेतून येणाऱ्या पोरांना तर फुकटचा खेळच.

तेवढ्यात गर्दीतून तिची सासू येताना दिसली. कोणीतरी घरी बातमी पोचवली होती. म्हातारीची बोटं आता वाकडी झालीत, पण जीभ सरळ आहे. मला वाटलं, झालं, आता ही सुनेला हाताला धरून घरी नेणार. मी आडवी व्हायला पुढे सरले.

"तू बाजूला हो गं, पुढारीण," ती मला म्हणाली आणि दुकानात शिरली. "पुसलंस म्हणे?"

"पुसलं, आई."

"सगळं?"

"सगळं."

म्हातारी शर्टांच्या गठ्ठ्यावर बसायला गेली, इस्त्रीवालीने ओरडून तिला स्टूल दिलं. बराच वेळ ती सुनेचं वाटणं बघत राहिली. "तुझ्या सासऱ्यांचा हात हलका होता," मग म्हणाली. "त्यांची माती मऊ लागायची, दुधाच्या सायीसारखी. या माझ्या पोराचा हात गाढवासारखा, म्हणून तुला मी कडक शिकवली. माझा हात कसा होता कोण जाणे. मला कोणी विचारलं नाही आणि मीही नाही विचारलं."

वहिनीचा बत्ता थांबला. डोळे पुसायचे तर हात मातीने भरलेले.

मग खरं काम सुरू झालं. आपल्या हाताला किती सरस लागतो हे तिला स्वतःलाच माहीत नव्हतं. बोटं तर सांगणार नवऱ्याचंच माप. म्हणून तिने बोटांचं ऐकायचं बंद केलं. लाकडाच्या चिपा घेतल्या, वेगवेगळ्या ताकदीची माती लावली, वाळवली, घोटून बघितली. पहिली घोटणीला लागून सोलली. सरस भलताच कमी, बोट लाल. दुसरी बरी, पण कडा भुरभुरीत. पुढची जरा बरी. नवरा दारात उभा राहून धूळ आत येऊ नये म्हणून ओलं पोतं धरून होता. मधेच त्याने विचारलं, "म्हणजे मी एवढा जोर लावायचो म्हणून तू माती कडक केलीस, की तू कडक केलीस म्हणून मला जोर लावायला लागला?"

"ते तुमच्या आईला विचारा."

"मला नका ओढू यात," म्हातारी म्हणाली.

"आणि उद्यापासून माझी माती कोण करणार?"

"तुम्ही."

काचेबाहेर हशा पिकला. एका कारागिराने नवऱ्याची पाठ थोपटली आणि लगेच हात काढून घेतला. घरी आपलीही पाळी येणार हे त्याच्या ध्यानात आलं असावं.

चिपा वाळत होत्या तोवर इस्त्रीवाली गिऱ्हाइकांना कपडे परत करत होती. एक गृहस्थ आले, पलीकडे लाल चिखल, शेजारी आपला लग्नातला पांढरा सूट, मधे हातभर जागा. त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. "घाबरू नका," ती त्यांना म्हणाली, "इथे परीक्षा चाललीय." ते म्हणाले, "कोणाची?" ती म्हणाली, "तुमच्या सुटाची."

शेवटी एक चीप जमली. वहिनीने घोटणीचं टोक तिच्यावर टकटक वाजवलं, कान लावला आणि पहिल्यांदा हसली. मग पाटीला लेप चढले, एकावर एक, दुधासारखे पातळ. वर्ख लावायची वेळ आली तेव्हा दार बंद, पंखा बंद, इस्त्रीही बंद. गिऱ्हाइकं बाहेर तिष्ठत उभी. सोन्याची पानं नवऱ्याने स्वतःच्या पुडीतली दिली, न मागता. ती मातीवर बसली, पाण्याने ओढून घेतली, सपाट झाली. गल्लीत एवढी शांतता मी संपाच्या दिवशीही अनुभवली नव्हती.

वाळल्यावर वहिनीने घोटणी फिरवली. जोर नाही, ताण नाही, नुसती भाकरीवरून पाण्याचा हात फिरवावा तशी. आणि सोनं जागं झालं. काचेबाहेरच्या लोकांचे चेहरे त्यात दिसत होते. दिवाळं निघालेल्या माणसालाही श्रीमंत वाटावं असं.

पाटीचा एक कोपरा तिने मुद्दाम ठेवला होता. घोटणी सासूच्या हातात दिली. "आई, हे तुम्ही करा. बघू तुमचा हात कसा आहे ते."

"वेडी आहेस का? बोटं मिटत नाहीत माझी."

"मिटू नका. नुसती धरा."

म्हातारीने धरली. वाकड्या बोटांनी, हळूहळू, थांबत थांबत तो कोपरा घोटला. तिथली चमक जराशी वेगळी आहे. निवांत, मऊ. "हलका निघाला," म्हातारी म्हणाली आणि घोटणी सुनेकडे न देता स्वतःच्या मांडीवर ठेवून घेतली.

अध्यक्ष संध्याकाळी आले. गर्दीने वाट दिली. त्यांनी चष्मा लावला, पाटी उजेडाकडे तिरकी धरली, चष्मा काढला, पुसला, परत लावला. मातीचे जाणकार आहेत ते, खोटं बोलणं त्यांना जमलंच नसतं. ते चांगलं आहे म्हणाले नाहीत, पण पाटी परत द्यायला त्यांनी उशीर केला.

मग मला आणि वहिनीला बाजूला घेऊन म्हणाले, "हे बघा, मला माझी माणसं सांभाळायचीत. बाईंनी एवढंच म्हणावं की सोनं रागाच्या भरात पुसलं. मग सकाळचा पास कायम, बिल्ला उद्या. कोणाची मान खाली जात नाही."

खरं सांगते, मला तो सौदा वाईट वाटला नव्हता. मी वहिनीकडे बघितलं.

"रागात पुसलं असतं तर कोपरे राहिले असते," ती म्हणाली. "मी नीट पुसलंय. आणि तो पास यांच्या मातीवर होता. मला माझ्या मातीवर पाहिजे. ही पाटी आहे, बघा आणि ठरवा."

"या पाटीवर तर तुमच्या सासूबाईंचाही हात आहे. नियमात बसत नाही."

"तेवढा कोपरा सोडून द्या. बाकीचं मोजा."

अध्यक्ष भिंतीकडे बघत म्हणाले की मग सर्वसाधारण सभाच काय ते ठरवेल. आणि गेले. जाताना हॉलच्या दाराशी थांबले, कुलूप ओढून बघितलं. का ते त्यांनाच माहीत.

तर आता ती सभा आहे. या महिन्याच्या शेवटच्या रविवारी, सकाळी, त्याच हॉलमध्ये. तोवर काही लोक घरोघर जाऊन सांगतायत की या बाईने दिलेला मान धुडकावला, हिला माज चढलाय. हो, चढलाय. ज्याला आपलं काम येतं त्याला चढू दे की थोडा. तुमच्यातल्या किती जणांनी हातात पडलेला पास पुसून टाकला असता, याचा एकट्याने बसून विचार करा. मी तर नसता पुसला, हे मी तिला तोंडावर सांगितलंय.

पाटी इस्त्रीच्या दुकानातच काचेमागे उभी आहे. वहिनी तिथेच येऊन बसते, माती वाटते, म्हातारी शेजारी स्टुलावर. नवरा घरी माती करायला शिकतोय, दोनदा सरस उकळला, सगळ्या जिन्याला वास सुटला होता. ज्यांच्या वाट्या बंद झाल्यात ते कारागीर खिडकीवरून जाताना मान फिरवतात आणि दोन पावलांनी परत वळून पाटी बघतात.

तुम्ही सभासद असाल, किंवा तुमच्या घरात कोणी सभासद असेल, तर माझ्या शब्दावर जाऊ नका. सभेच्या आधी दुकानापाशी या, पाटीसमोर उभे राहा आणि या वेळी स्वतःचे केस नीट करू नका, खालच्या मातीचा विचार करा. मग हॉलमध्ये या आणि अध्यक्षांनी नाव पुकारलं की हात वर करा. शेजारच्याने वर केला की नाही ते बघू नका. मोजून पूर्ण होईपर्यंत तो खाली घेऊ नका.